खाडीकडून परत घेतलेलं शेत

लग्न होऊन गोडदेवला आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सासरे मला शेत दाखवायला घेऊन गेले. मी घोडबंदरजवळच्या वरसाव्याची. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एकाखाली एक उतरत गेलेली भाताची खाचरं, बांधावर एखादा आंबा नाहीतर करंज, आणि पावसाळ्यात कुठंही उभं राहिलं तरी गोड्या पाण्याची खळखळ. शेत बघायला जायचं म्हणून मी हौसेनं निघाले. गाव मागे पडलं, मिठागरातले पांढरे ढीग मागे पडले, आणि सासरे एका उंचवट्यावर थांबले. समोर नुसता चिखल होता. करडा, ओला, उन्हात चकाकणारा. त्यावर निवट्या, चिखलातल्या त्या छोट्या मासोळ्या, टुणटुण उड्या मारत होत्या आणि मधूनमधून तिवराची झुडपं उगवली होती.

"ते आपलं शेत," सासरे म्हणाले.

मी त्यांच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. "कुठं, मामा?"

"ते काय. त्या तिवरापासून हितपर्यंत. राता भात यायचा, लाल तांदळाचा. कमरेएवढा."

मला हसू फुटलं, ते मी पदराआड दाबलं. नव्या नवरीची थट्टा करतायत असं वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं की या माणसाला तिथं खरोखरच भात दिसतोय.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची. आमच्या घरात आम्ही तिघंच होतो. सासरे, आमचे हे आणि मी. सासू मी यायच्या आधीच गेली होती. हे मिठागरात कामाला जात. सकाळी जायचे ते दुपारी परत यायचे तेव्हा पायांना मिठानं चिरा पडलेल्या असायच्या. मी खोबरेल गरम करून द्यायची, ते हे लावून घ्यायचे. शेतकऱ्याच्या घरात दिलेली मी, आणि घरात भात विकतचा. माहेरी हे सांगायचीसुद्धा मला लाज वाटायची.

शेत गेलं कसं, ते मी हळूहळू विचारून काढलं. खाडीकाठच्या जमिनीला आमच्याकडे खार म्हणतात. ही जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. म्हणून खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा मोठा बांध. बांधाला एका जागी लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचं. ओहोटीला दार उघडलं की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं, भरतीला दार आपोआप दाबून बसतं आणि खाडीचं पाणी आत येत नाही. इतकं साधं. पण बांध कुणा एकाचा नसतो. ज्याची जेवढी जमीन, तेवढा बांध त्यानं राखायचा. आमच्या खारात अर्धी जमीन गोडदेवच्या आमच्या लोकांची होती आणि अर्धी खाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या किरिस्तावांची. दोघांचा बांध जिथं मिळत होता, नेमकी तिथंच एका पावसाळ्यात उधाणाच्या पाण्यानं खांड पाडली. आधी माणूस उडी मारून जाईल एवढी. मग बैलगाडी जाईल एवढी. मग होडीच आत यायला लागली.

खांड पडली तशी भांडणंही पडली. आमच्या सासऱ्यांचं म्हणणं, खेकड्यांची भोकं त्यांच्या बाजूनं बुजवली नाहीत म्हणून बांध गेला. पलीकडच्या शेजारच्या किरिस्ताव म्हाताऱ्याचं म्हणणं, उघाडीचं दार आमच्या सासऱ्यांनी ओहोटीला उघडलं नाही म्हणून आत पाणी तुंबलं आणि बांध गेला. दोघं एकेकाळी एकाच बांधावर बसून बिडी ओढणारे. आता बाजारात समोरासमोर आले तर एक जण रस्ता बदलायचा. कुणी एक बाजू बुजवायला गेलं तर दुसरी बाजू येत नव्हती, आणि अर्धी बुजवलेली खांड दोन भरत्यांत वाहून जायची. मग सगळ्यांनीच नाद सोडला. चूक कुणाची होती, ते मला आजही ठाऊक नाही. नंतर नंतर मी विचारायचंही सोडून दिलं.

त्या चिखलात मी मात्र जायला लागले. शेत म्हणून नाही, चिंबोऱ्यांसाठी, म्हणजे खेकड्यांसाठी. घरात कालवणाला काहीतरी हवं. ओहोटीला चिखलात उतरायचं, लोखंडी आकडा भोकात घालायचा आणि चिंबोरी बाहेर ओढायची. सुरुवातीला मला काही जमेना. बोटं फोडून घ्यायची आणि रिकामी टोपली घेऊन परत यायची.

एक दिवस खांडीच्या पलीकडून एक बाई मला बघत उभी होती. माझ्याच वयाची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीक क्रूस. ती जोरात ओरडली, "अगं बाय, आकडा सरळ न्हाय घालायचा! तिरपा! ती आत वळून बसते!"

मी तिरपा घातला. चिंबोरी आली. ती टाळ्या वाजवून हसली.

ती मूळची समुद्रकाठच्या पालीची, कोळ्यांच्या घरातली. लग्न होऊन इकडे शेतकऱ्यांच्या घरात आली होती, म्हणजे जिथं शेत होतं अशा घरात. त्या म्हाताऱ्याची ती सून, हे मला तिनंच सांगितलं. मीही माझं घर सांगितलं. मग ती म्हणाली, "भांडन त्यांचं. चिंबोऱ्या आपल्या." गावात मला वरसाव्याची म्हणत आणि तिला पालीची. आम्ही एकमेकींनाही तशीच हाक मारायला लागलो.

वर्षभर आम्ही दोघी ओहोटीच्या वेळी भेटत होतो. ती तिच्या टोकाला, मी माझ्या, मध्ये खांडीचं पाणी. पाणी अगदी उतरलं की पलीकडे चालत जाता यायचं. ती सुकट आणायची, मी माहेराहून आलेली कैरी नाहीतर वालाच्या शेंगा न्यायची. आणि बोलता बोलता आमच्या लक्षात आलं की बांधाची दोन्ही टोकं दर उधाणाला ढासळतायत. खांड मोठी होतेय. अशीच चार-दोन वर्षं गेली असती तर उरलेला बांधही गेला असता आणि मग कुणी भांडणं मिटवून उपयोग नव्हता.

त्यातच मिठागरवाल्या शेठचा माणूस घरी आला. गोड बोलणारा, मराठीत गुजराती मिसळून बोलायचा. म्हणाला, "जमीन तर खराब ज झाली छे. आमाला द्या. आमी मीठ पिकवू, तुमच्या पोराला कायम काम." सासरे उठून परसात गेले. हे म्हणाले, विचार करतो. तो गेल्यावर मी ह्यांना सरळ विचारलं, "तुम्हाला द्यायचीय?"

"मग काय करू? चिखल चाटू?"

"बांध घालू."

हे हसले. रागानं नाही, थकून. "तू वरसाव्याची. तुला काय ठाऊक खार काय असतो."

"मला शेत काय असतं ते ठाऊक आहे," मी म्हटलं. "आणि तिथं शेत होतं असं तुमचे वडील रोज सांगतात."

दुसऱ्या दिवशी पालीचीला मी शेठच्या माणसाचं सांगितलं. तो त्यांच्याकडेही जाऊन आला होता. ती चिखलात पाय पसरून बसली होती, विचार करत होती. म्हणाली, "हे म्हातारे एकमेकांशी बोलनार न्हायत. मेले तरी न्हाय. आपन त्यांना बोलवायचंच न्हाय. आपन माती टाकायला लागू."

दिवाळी होऊन गेली होती. ऊन बरं होतं, चिखल वरून सुकत होता. आम्ही दोघी दोन पाट्या आणि दोन फावडी घेऊन लागलो. खांड बुजवायचा आमचा इरादा नव्हता, तेवढं आम्हालाही कळत होतं. फक्त ढासळणारी टोकं सावरायची, खेकड्यांची भोकं बुजवायची. मी माझ्या टोकाला, ती तिच्या. मिठागरातून घरी जाणारे लोक थांबून बघायचे. कुणी विचारायचं, "काय गं, खाडी बुजवताय काय?" पालीची ओरडून उत्तर द्यायची, "खाडी न्हाय, तुमची तोंडं!"

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या पाठीमागून आवाज आला. "अशी माती टाकतात?"

सासरे. काठी टेकत केव्हा आले होते कोण जाणे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बांधाच्या पायाशी खनतेस आनि तीच माती बांधावर टाकतेस? उद्या पायच खचंल त्याचा. माती लांबून आन. आतल्या बाजूनं आन. आनि नुसती टाकू नको. पायानं मळ. भाकरीचं पीठ मळतेस तशी मळ."

मी मुकाट्यानं लांबून माती आणायला लागले. ते तिथंच बांधावर बसले. उन्हं चढली तरी हलेनात.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टोकावरही एक म्हातारा येऊन बसला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हातात तमाखूची पिशवी. आपल्या सुनेला तोही शिकवायला लागला. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत नव्हते. एक पूर्वेला तोंड करून बसायचा, एक पश्चिमेला. पण आवाज मात्र दोघेही मुद्दाम मोठा काढायचे.

"तिवराच्या फांद्या घाल मधे, तिवराच्या!" सासरे मला सांगायचे. "नुसत्या मातीला काय धरनार हाय?"

तिकडून आवाज यायचा, "पालीचे, फांद्या हिरव्या घालू नको. कुजतील. काही लोकांना एवढंबी कळत न्हाय."

"हिरव्याच घालतात!" सासरे खाडीकडे बघत म्हणाले. "हिरवी वाकते. सुकी मोडते."

"वाकून वाकून कुजते!"

"कुजेपर्यंत माती बसते, बाबा!"

हे शेवटचं वाक्य सासरे त्याच्याकडे बघून बोलले होते. पालीचीनं पाटी खाली ठेवली. मी फावडं धरून उभी राहिले. पलीकडचा म्हातारा थोडा वेळ तमाखू मळत राहिला. मग म्हणाला, "हां. ते बी खरं हाय."

त्या दिवशी त्यांच्यात आणखी काही बोलणं झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी ओहोटीला सासरे धोतर वर खोचून खांडीतून पलीकडे गेले, म्हाताऱ्याच्या शेजारी बसले आणि त्यानं पुढं केलेली तमाखू घेतली. मी माझ्या टोकाला माती मळत होते. मळता मळता मी रडत होते, आणि पालीची मला दुरून दात दाखवत होती.

पुढचं काम बायकांचं राहिलं नाही. दोन्ही बाजूंची घरं उतरली. ज्यांनी शेठच्या माणसाला जवळपास हो म्हटलं होतं, तेही आले. हे मिठागरातून सुटले की घरी न जाता तिथंच यायचे. पलीकडच्या म्हाताऱ्यानं तरुणपणी होड्यांची सुतारकामं केली होती. त्यानं उघाडीचं नवं दार केलं, आणि ते बसवताना कुणाला हात लावू दिला नाही. अडलं ते दगडाला. खांड बुजवल्यावर बाहेरच्या अंगाला दगड रचले नाहीत तर लाटा माती खाऊन टाकतात, आणि आमच्याकडे दगड नाही, सगळी चिकणमाती.

मी माहेरी गेले. वरसाव्याला दगडाला काय तोटा? बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "लोक माहेराहून लुगडं नेतात. तुला दगड हवेत?"

"पडावभर," मी म्हटलं.

बाबा आणि माझे दोघे भाऊ खरंच दगड भरून पडाव घेऊन आले. घोडबंदरच्या बाजूनं खाडीतून, भरतीच्या पाण्यावर. ते दगड उतरवले तेव्हा सासऱ्यांनी बाबांचे हात धरले. त्यांना काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाले, "व्याही, दगड चांगले हायत."

माघातल्या अष्टमीच्या भांगाला खांड बांधायची ठरलं. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही, जोर कमी असतो. सकाळपासून ओहोटी लागली होती. खांडीत खुंटांच्या दोन रांगा आधीच ठोकून ठेवल्या होत्या. त्यांच्यामध्ये तिवराच्या फांद्यांचे भारे, भाऱ्यांवर पेंढा, पेंढ्यावर माती. दोन्ही टोकांकडून एकाच वेळी. माणसांची रांग लागली. मातीचे गोळे हातातून हातात जात होते. कुणाच्या हातातून घेतोय, कुणाच्या हातात देतोय, कुणी बघत नव्हतं. माझ्या एका हाताला ह्यांचा चुलतभाऊ होता, दुसऱ्या हाताला पालीचीचा नवरा. दुपारी मध्यात दरवाज्याएवढी फट उरली आणि तेवढ्यात भरती परतली.

पाणी फटीतून आत घुसायला लागलं तसं सगळे ओरडायला लागले. टाकलेली माती पाण्याबरोबर आत जात होती. हे खाली उतरले आणि फटीत उभे राहिले, कमरेपर्यंत पाण्यात, पाठ पाण्याला देऊन. त्यांचं बघून पलीकडून दोघे-तिघे उतरले. माणसांचाच बांध झाला. त्यांच्या पाठीमागे भारे कोंबले, भाऱ्यांवर माती, मातीवर माणसं चढून पायांनी दाबत होती. सासरे काठी उंच करून ओरडत होते, "दाबा! दाबा! पाय उचलू नका!" माझे हात बधिर झाले होते, तरी चालतच होते. मग कुणीतरी ह्यांना काखेत हात घालून वर ओढलं, आणि त्यांची जागा मातीनं भरली. पाणी बाहेर उभं राहिलं. आत चिखल होता, बाहेर पाणी होतं, आणि मध्ये आम्ही होतो.

पलीकडच्या म्हाताऱ्यानं छातीवर क्रूस केला. सासऱ्यांनी वाकून बांधाला हात लावून कपाळाला लावला. ह्यांना हुडहुडी भरली होती. मी माझ्या ओल्या पदरानं त्यांचं डोकं पुसत होते आणि ते म्हणत होते, "सोड गं, लोक बघतायत." पण सोडून काही जात नव्हते.

पुढच्या अमावास्येचं उधाण भर दुपारी आलं. अख्खं गाव बांधावर. पाणी बांधाच्या काठाला चार बोटं उरेपर्यंत चढलं, थोडा वेळ तिथंच हिंदकळलं, आणि उतरायला लागलं. माहेरचे दगड जागेवर होते.

खाडी हटली म्हणून लगेच भात येत नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली आणि पांढरी झाली, मिठाचा पापुद्रा धरला. माझा धीर खचला. सासरे म्हणाले, "घाबरू नको. पाऊस हाय न्हाय?" पावसाळाभर आमचं एकच काम. शेतात पाऊस साठवायचा, पाणी जमिनीत मुरू द्यायचं, आणि ओहोटीला उघाडी उघडून ते सोडून द्यायचं. पुन्हा साठवायचं, पुन्हा सोडायचं. जमीन धुवायची, भांडं विसळतात तशी. सासरे बोट बुडवून पाण्याची चव घ्यायचे आणि थुंकायचे. "अजून हाय." दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस त्यांनी चव घेतली आणि थुंकले नाहीत.

तेव्हा त्यांनी बियाणं काढलं. राता. मडक्यात राखेत घालून इतकी वर्षं ठेवलेलं नव्हतं, तसं राहतही नाही. ते त्यांनी दुसऱ्या गावच्या खारातून मूठभर आणून, दरवर्षी परसात एका वाफ्यात लावून जिवंत ठेवलं होतं. मी तो वाफा रोज बघत होते आणि मला वाटायचं म्हाताऱ्याचा छंद आहे.

पेरणीच्या वेळी माझे बाबा आले होते. त्यांना राब भाजायचा, नांगरायचं, रोपं काढायची, लावायची, एवढंच ठाऊक. त्यांनी विचारलं, "नांगर कुठाय?"

"नांगर न्हाय," सासरे म्हणाले. "खार नांगरला की खालचं मीठ वर येतं."

"मग लावणी?"

"लावनी बी न्हाय." सासऱ्यांनी भिजवून मोड आणलेलं भात टोपलीत घेतलं आणि चिखलावर भिरकावलं. मूठ मूठ, हात लांब फिरवून, गाणं म्हणत असल्यासारखं. बाबा बांधावर तोंड उघडं टाकून उभे. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, ह्यांना नीट दिसतं ना?"

आठ दिवसांत त्या करड्या चिखलावर हिरवी लव आली. बाबा परत जायला निघाले होते, ते आणखी दोन दिवस राहिले.

पहिलं पीक कमरेएवढं नव्हतं. काही ठिकाणी मीठ उरलं होतं, तिथं भात पिवळा पडला आणि बसला. पण बाकीचं आलं. लाल तांदूळ, जाड, गोडसर. कापणीनंतर आम्ही लोंब्यांचं तोरण दाराला लावलं, आणि पालीचीच्या घरच्यांनी त्यांच्या देवळात लोंब्या नेल्या. तिनं त्यातली एक माझ्या हातात आणून दिली. पहिल्या भाताची पेज मी केली तेव्हा सासरे जेवता जेवता थांबले. मी घाबरले, खारट लागतेय की काय. ते म्हणाले, "आनखी वाढ."

हे पुढच्या वर्षी मिठागरात गेले नाहीत. जायचं नाही असं ठरवून नाही. सकाळी उठले, फावडं घेतलं आणि शेताकडे गेले, इतकंच. त्यांच्या पायांच्या चिरा भरून आल्या.

लढाई सुरू झाली आणि मुंबईत धान्य मापून मिळायला लागलं, तोपर्यंत आमचं शेत रांगेला लागलं होतं. शहरातले नातेवाईक रविवारी यायचे आणि जाताना पिशवी घेऊन जायचे. त्या वर्षांतला माझा दिवस मला अजून तसाच्या तसा आठवतो. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी बांधावर एक फेरी मारायची. चालताना नजर पायांशी. जिथं ओली माती बाहेर उकरलेली दिसली, तिथं चिंबोरीचं भोक. आकडा तिरपा घालायचा, चिंबोरी टोपलीत, आणि भोकात चिकणमातीचा गोळा ठोकून बसवायचा. कालवण होतं आणि बांधही राहतो. उघाडीच्या तोंडाशी हे जाळं लावायचे, पाणी सोडताना कोलंबी मिळायची. मग घरी येऊन भाकऱ्या, म्हशीचं दूध, पुन्हा शेत. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरं आम्ही मुद्दाम वाढवली. लाट आधी त्यांच्यात अडकते, थकते, मग बांधाला लागते. सरपणाला कुणी तिवर तोडायला आलं की पालीची तिच्या टोकावरून अशी काही ओरडायची की तो माणूस कोयता घेऊन पळून जायचा.

शेठचा माणूस पुन्हा एकदा आला होता. तो बांधावर उभा राहून भात बघत होता. तेव्हा शेतात लोंब्या लवल्या होत्या. सासरे त्याला म्हणाले, "मीठ पायजे असंल तर पलीकडं हाय. हितं संपलं." त्याला हसू आलं, आम्हालाही आलं. त्याला आम्ही बसवून पोहे खायला घातले. आमच्याच भाताचे होते.

एका वर्षी मोठं वादळ झालं. झाडं पडली, घरांची कौलं उडाली. भरती आणि वारा एकाच वेळी आले. दुपारभर आम्ही सगळे बांधावर भारे आणि माती घेऊन उभे होतो. दोन जागी पाणी वरून सांडायला लागलं, तिथं लगेच माती पडली. आता कुणाला हाक मारावी लागत नव्हती आणि कुणाची बाजू कुठली हे कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी वारा पडला. थोडं शेत खारावलं, ते पुढच्या पावसात धुऊन निघालं. तोवर पलीकडचा म्हातारा गेला होता. बांध राहिला हे सांगायला सासरे मुद्दाम त्याच्या घरी गेले, आणि त्याच्या रिकाम्या बाकड्यावर बसून आले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात खाडीपलीकडच्या एका गावातून माणसं आली. त्यांच्या खाराला खांड पडली होती, दोन भावकींत वाद होता, कुणी मातीला हात लावत नव्हतं. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, तुम्ही येऊन सांगाल का? सासरे तेव्हा फार थकले होते, अंगणातल्या बाजेवरून उठत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला न्या. आनि त्या पालीचीला न्या. दोघींना न्या, एकीला नेऊन काय उपयोग न्हाय."

आम्ही दोघी होडीनं गेलो. हे सोडायला आले होते, वल्ही मारता मारता म्हणाले, "तिथं जाऊन लोकांना ओरडू नका." पालीची म्हणाली, "बघू." होडी लागली तेव्हा बांधाच्या तुटक्या टोकावर त्या गावच्या बायका जमल्या होत्या. डोक्यावर पदर, हात रिकामे. पुरुष जरा लांब, दोन घोळके करून उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. एक म्हातारी पुढं आली आणि मला विचारलं, "काय आनायचं आमी? सुरुवात कुठून करायची?"

मी तुटलेलं टोक पाहिलं. माती चांगली होती, चिकण, आमच्यासारखीच. मी पदर कमरेला खोचला.

"पाट्या आणा," मी म्हटलं. "आणि माती बांधाच्या पायाशी खणू नका. लांबून आणा."

पालीची तोवर पाण्यातून पलीकडच्या टोकावर पोचलीसुद्धा होती.